घोटभर पाणी

रेडिओचा पेपर काढून घेतला, ही बातमी मला रेडिओनेच दिली, आणि तीही जिन्याच्या खालच्या पायरीवरून ओरडून, कारण वर येईपर्यंत दम धरणं तिच्या स्वभावात नव्हतं. खाली लॉन्ड्रीतली मशीनं धडधडत होती, त्यामुळे मला नुसतं "पेपर" आणि "सर" एवढंच कळलं. ती वर आली तेव्हा दप्तर उघडंच होतं, हातात पट्टी होती आणि रडून रडून चेहरा सुजला होता.

"बाई, मी कॉपी नाही केली," ती म्हणाली. "आईशप्पथ नाही केली. मी फक्त वाचत होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशी लवकरच जाते. मी बुटकी आहे, तिला फार प्रवास करावा लागत नाही.

आमचा वर्ग लॉन्ड्रीच्या वर भरतो. लॉन्ड्री माझ्या धाकट्या दिरांची. मी शाळेतून निवृत्त झाले आणि घरात बसून भिंतींवर खेकसायला लागले, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, वरची खोली रिकामी आहे. तुम्हाला ओरडायला माणसं हवीत, तर पोरं गोळा करा." मी केली. शाळा सुटली की शाळेत मागे पडलेली मुलं तिथे येतात. कुणाला वजाबाकी येत नाही, कुणाला जोडाक्षर दिसलं की घाम फुटतो, कुणाला सगळं येतं पण विचारलं की विसरतं. मुलं शाळाच पाठवते. ज्या शाळेत मी आयुष्य घालवलं, तीच शाळा. दिवसभर जे त्यांच्याच्याने होत नाही ते संध्याकाळी माझ्याकडे ढकलतात आणि वर म्हणतात, बाईंना तेवढाच विरंगुळा.

खाली हॉटेलांच्या चादरी धुतल्या जातात. मोठी मशीनं आहेत, ती पिळायला लागली की आमची फरशी थरथरते, टेबलावरची पेन्सिल आपोआप चालायला लागते. अशा ठिकाणी मनातल्या मनात वाचणार कोण? स्वतःचं मनसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकच पद्धत. जे वाचायचं ते मोठ्याने, जे सोडवायचं ते मोठ्याने, चूक झाली तर तीही मोठ्याने. प्रत्येकजण आपापलं ओरडत असतो. नवीन आलेल्या आईबापांना वाटतं इथे बाजार भरलाय. पण मुलं सुधारतात, हे त्यांनाही दिसतं.

आणि सगळ्यांत जास्त सुधारली होती रेडिओ.

नाव भाऊजींनी ठेवलं. सहावीतली, किडकिडीत, आणि तोंडाचा पट्टा असा की जिना चढताना सुरू झालेली गोष्ट जिना उतरतानाही संपलेली नसायची. तिची आई बेकरीत पाव भरण्याचं काम करते, वडील ट्रकवर असतात, महिन्यातून एखाद्या वेळी उगवतात. शाळेतली सगळी बित्तंबातमी, आईच्या बेकरीतल्या भानगडी, शेजारणीच्या मांजराचं बाळंतपण, सगळं आम्हाला रेडिओकडून कळायचं. पण कागदासमोर बसवली की गप्प. वार्षिक परीक्षेत तिने पेपरवर फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. तेवढं सुबक लिहिलं होतं.

माझ्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. तिची अक्षरं डोळ्यांपुढे जागा बदलतात. पुस्तकात "वजन" असतं, तिला दिसतं "जवन". नुसतं डोळ्यांनी वाचलं तर ती "जवन"वरच अडकून बसते आणि पुढचं सगळं गणित पाण्यात. पण बोट ठेवून मोठ्याने वाचलं की तिचा कान तिला पकडतो. "एका पोत्याचं जवन... जवन? जवन काय असतं? हां, वजन! वजन पन्नास किलो." आणि मग गणित ती माझ्याआधी सोडवते. डोळा फसतो, कान फसत नाही. एवढं साधं आहे. इतकी वर्षं शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शाळेत तिला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलेलं वाक्य म्हणजे "तोंड बंद".

शाळेने तिला अटीवर वर घातलं होतं. फेरपरीक्षा पास झाली तर सहावीत राहील, नाहीतर दुसरी शाळा बघा. दुसरी शाळा म्हणजे हमरस्त्याच्या पलीकडची. तिथे मागे पडलेली मुलं एका वर्गात बसवतात आणि घंटा झाली की सोडतात, बाकी काही करत नाहीत. तिथून शिकून बाहेर पडलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

आणि त्या फेरपरीक्षेत ती आमच्या पद्धतीने वाचत बसली. बोट ठेवून, पुटपुटत, स्वतःची चूक स्वतः पकडत. पर्यवेक्षक सरांनी एकदा दटावलं, दुसऱ्यांदा डोळे वटारले, तिसऱ्यांदा पेपर ओढून घेतला. कारण काय? ती शेजारच्या मुलीला उत्तरं सांगत होती म्हणे.

"अगं मग गप्प का नाही बसलीस?" मी ओरडले, आणि ओरडतानाच कळलं की हा प्रश्न मी कुठल्या तोंडाने विचारते आहे.

"गप्प बसून वाचतात का?" रेडिओ म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. आम्ही कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

मी चपला घातल्या. भाऊजी खाली चादरींच्या ढिगाआडून म्हणाले, "वहिनी, कुठे निघालात एवढ्या तावातावाने?"

"शाळेत."

"देव शाळेचं भलं करो," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. मी तिच्या तोंडावर म्हणत नाही. ती नोकरीला लागली तेव्हा खडूचा डबा कुठे असतो, ते तिला मी दाखवलं होतं. आता तिच्या टेबलावर काच आहे, काचेखाली शाळेत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आहेत. मला बघून ती उठली. मानाने वागते, हे कबूल करायला हवं.

"बसा ना बाई. पाणी घेणार?"

"पाणी नको. त्या पोरीचा पेपर का काढून घेतला ते सांग."

"सरांनी तिला दोनदा समज दिली होती. शेजारची मुलगी ऐकून ऐकून लिहीत होती."

"म्हणजे शेजारच्या मुलीने कॉपी केली."

"बाई, विषय तो नाही."

"मग कोणता आहे? जिने वाचलं तिला बाहेर काढलंत, जिने ऐकून लिहिलं तिला बसू दिलंत. शाब्बास!"

तिने टेबलावरची पेनं सरळ केली. ही तिची जुनी सवय. मी तिला समजावून सांगितलं. जवन आणि वजन, डोळा आणि कान, सगळं. ती नीट ऐकत होती, मधे मानही डोलावली. म्हणूनच तर तिची चीड येते. अडाणी असती तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिला सगळं कळत होतं.

"कळतंय हो मला," ती म्हणाली. "पण मी काय करू? परीक्षा म्हणजे परीक्षा."

"तिला वेगळी खोली दे. जिन्याखाली मोडक्या खुर्च्या ठेवता ना, ती दिलीस तरी चालेल. तिथे बसून ती बडबडेल, लिहील, पेपर देईल आणि बाहेर येईल. कुणाला त्रास नाही."

"आज तिला खोली दिली की उद्या सगळ्यांचे आईबाप दारात उभे राहतील."

"राहू देत."

"एवढ्या खोल्या कुठून आणू बाई?"

"म्हणजे एवढ्या मुलांना लागतात, हे तुला माहीत आहे!"

तिने उठून दार लोटलं. बाहेर शिपाई घंटा फडक्याने पुसत होता. मग तिने आवाज खाली आणला, जसा आपण आजारी माणसाशी बोलताना आणतो.

"बाई, मी एक करते. शनिवारी, इथे, माझ्यासमोर. नवा पेपर देते तिला. पण एक शब्द नाही. ओठ हलले तरी पेपर बंद. हेसुद्धा मी फक्त तुमच्यासाठी करतेय, कुणाला सांगू नका."

मी "बरं" म्हणाले.

त्या "बरं"चा मला अजून राग येतो. मी खुर्ची उलथून टाकायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर हमरस्त्यापलीकडची शाळा होती, आणि शनिवारपर्यंत थोडेच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी रेडिओला म्हणाले, "आजपासून तू मनात वाचायचं."

"मनात म्हणजे कुठे?"

"आत."

"आत कुठे, बाई?"

मी छातीवर हात ठेवला, मग कपाळावर ठेवला. बाकीची पोरं हसायला लागली. दुसरीतली बटण तर टेबलाखाली घुसून हसली. बटण म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान. फ्रॉकचं बटण रोज चुकीच्या काजात, म्हणून बटण. रेडिओची शेपटी, सदा तिच्या शेजारी.

मी भाऊजींना तास दोन तास मशीनं बंद ठेवायला सांगितली. हॉटेलवाले बोंबलले, पण भाऊजींनी ठेवली. मशीनं थांबली आणि वर अशी शांतता पसरली की पोरं घाबरून एकमेकांकडे बघायला लागली. बटण म्हणाली, "बाई, लाइट गेली का?"

शांततेत रेडिओला वाचायला बसवलं. तोंड मिटून ती तीन शब्द वाचायची आणि चौथ्याला ओठ सुटायचे. मी टोकायची. तिला कळायचंही नाही की ती बोलतेय. शिंक थांबवता येत नाही तसं तिचं होतं. मी रागावले, समजावलं, तोंडावर बोट ठेवायला लावलं. बोटामागून आवाज यायचा. अखेर हात टेकले, आणि मग मला माझ्या आईचा उपाय आठवला.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मला बाजूला घेऊन कानमंत्र दिला होता. सासूशी भांडण होईल असं वाटलं, की तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि गिळायचा नाही. सासूचं बोलून झालं की मग गिळायचा. मी तो सल्ला एकदाही पाळला नाही. त्यामुळे आमच्या घरी भांडणं भरपूर झाली आणि पाणी वाचलं. आईचा हा उपाय बायकांना गप्प करण्याचा आहे, असं मी आयुष्यभर तिला ऐकवत आले. आणि आता मीच रेडिओच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"घोट घे. गिळू नकोस. आता वाच."

पहिल्या दिवशी तिला हसू आलं आणि सगळं पाणी बटणच्या वहीवर. आम्ही सगळेच हसलो, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिने गाल फुगवून अर्धं पान वाचलं. बोट ओळीखालून सरकत होतं, गळा आतल्या आत हलत होता, पण आवाज नाही. पान संपल्यावर तिने घोट गिळला आणि पहिल्यांदाच तक्रार केली.

"बाई, तोंडात पाणी असलं की मला ऐकू येत नाही."

मी तिथेच थांबायला हवं होतं. मला कळलं होतं ती काय म्हणतेय. जो कान तिला सांभाळून घेत होता, तोच मी पाण्याने बुजवत होते. पण मी म्हणाले, "शनिवारपुरतं गं. फक्त शनिवारपुरतं."

"नक्की?"

"नक्की."

मग आम्ही दुसरा रस्ता धरला. पेपरात नेहमी येणारे शब्द काढले आणि त्यांचे नुसते आकार घोकले. "वजन" कसा दिसतो, "अंतर" कसा दिसतो, "किती" हा शब्द कुठे येतो. वाचणं नव्हतंच ते. रोजच्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या न वाचताही ओळखू येतात, तसं ते होतं. रेडिओ मुकाट्याने घोकत राहिली. मधूनच घोट गिळायची, नवा घ्यायची. तिची बडबड रोज थोडी कमी होत होती आणि मला वाटत होतं, परीक्षेची भीती आहे, दुसरं काय.

शनिवारी तिची आई बेकरीतून तशीच आली. बाह्यांवर पीठ होतं. आम्ही दोघी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. दाराला काच होती. आत रेडिओ खुर्चीच्या कडेवर बसली होती, समोर मोठ्या मॅडम, आणि टेबलावर पाण्याची बाटली.

"बाई, ती सारखं पाणी का पितेय हो?" आई कुजबुजली. "मधेच बाथरूमला जायचं म्हणाली तर?"

"पीत नाहीये," मी म्हणाले.

काचेतून मला फक्त तिचे गाल दिसत होते. फुगलेले, लाल. एकदा तिचं बोट एका शब्दावर थांबलं आणि पुढे सरकेना. तिचे डोळे मिटले. मला माहीत होतं आत काय चाललंय. तिला तो शब्द मोठ्याने म्हणायचा होता. एकदा म्हणाली असती तर सुटला असता. मॅडम पेनाचं टोपण उघडत होत्या, लावत होत्या. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की बोटांना वळ उठले. मला दार ढकलून आत जायचं होतं आणि तो शब्द तिच्या कानात ओरडायचा होता. मी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने बोट पुढे सरकलं.

ती पास झाली. काठावर, पण पास. तिच्या आईने माझे हात धरले आणि रडली. पीठ माझ्या साडीला लागलं. भाऊजींनी वर्गाला बिस्किटांचा पुडा आणला. मोठ्या मॅडम मला शाळेच्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बघा बाई, शिस्त लावली की होतं." मी हसले. काय हसले, देव जाणे.

मशीनं पुन्हा सुरू झाली. फरशी थरथरायला लागली, पेन्सिली चालायला लागल्या, पोरं ओरडायला लागली. सगळं पूर्वीसारखं झालं, रेडिओ सोडून.

ती वेळेवर यायची. जिन्यावरून हाक नाही, मांजराची खबर नाही. कोपऱ्यात बसायची, पुस्तक उघडायची आणि दप्तरातून बाटली काढायची. मी म्हणाले, "आता कशाला गं? झाली ना परीक्षा." तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि घोट घेतला. भाऊजींनी खालून विचारलं, "वहिनी, आपला रेडिओ बिघडला काय? सेल टाका नवे!" ती नुसती हसली, ओठ न उघडता.

तिच्या आईला मात्र आनंद झाला होता. "शहाणी झाली हो बाई," ती म्हणाली. "घरात इतकी शांतता असते, की शेजारीण विचारत होती, पोरगी मामाकडे पाठवलीत का. आणि शाळेतल्या सरांनी सगळ्या वर्गाला सांगितलं म्हणे, हिच्यासारखं बसायला शिका."

मला ते खटकलं. पण मी स्वतःची समजूत घातली. दमली असेल. वय वाढतंय. पोरी ह्या वयात गप्प होतातच. आपण स्वतःला काय काय सांगतो! आणि मी तर दुसऱ्यांनी खोटं बोललेलं लगेच पकडते, अशी माझी ख्याती.

मग तो दिवस आला. मी एका मुलाला भागाकार समजावत होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज कमी होता. मशीनं चालू होती, बाकीची पोरं आपापलं ओरडत होती, पण एक आवाज कमी होता. बटणचा. बटणचा आवाज चिमणीसारखा बारीक आहे, पण मला तो शंभरातून ओळखू येतो. ती "कमळ" हा शब्द रोज तीनदा चुकते आणि चौथ्यांदा बरोबर म्हणते, आणि बरोबर आला की टाळी वाजवते. आज टाळी नव्हती.

मी वळले. बटण पुस्तकावर वाकली होती. तिचे गाल फुगलेले होते. शेजारी रेडिओ बसली होती, बाटलीचं झाकण लावत होती.

"तोंडात धर," रेडिओ तिला सांगत होती. कित्येक दिवसांत मी तिचं एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं. "गिळू नकोस हं. गिळलंस की नापास करतात." आणि तिने स्वतःही एक घोट घेतला.

बटण सात वर्षांची आहे. तिची कुठलीही परीक्षा नव्हती.

मला इतका राग आला की मला क्षणभर काही दिसेना. कुणाचा राग ते विचारू नका. सरांचा, मोठ्या मॅडमचा, माझ्या आईचा, आईच्या आईचा, आणि त्या बाकावर कड धरून बसून राहिलेल्या बाईचा. मी तिथपर्यंत गेले आणि टेबलावर हात आपटला. सगळा वर्ग थांबला.

"बटण, गिळ."

बटणने माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओकडे पाहिलं.

"गिळ म्हणते ना!"

तिने गिळलं, ठसका लागला, रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रेडिओकडे वळले. आवाज शक्य तेवढा मऊ केला. माझा आवाज मऊ होत नाही, पण केला.

"आता तू गिळ, बाळा. झालं ते शनिवारपुरतं होतं. मी सांगते ना, गिळ."

रेडिओने नाही अशी मान हलवली. उद्धटपणा नव्हता त्यात. उलट माझी कीव केल्यासारखं बघत होती. ती पास झाली होती. कशाने पास होतात ते तिला आता माहीत होतं, आणि मला बहुतेक माहीत नसावं, असं तिला वाटत होतं.

मी तिचा हात धरला. जिना उतरले. भाऊजी काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही. शाळा तिथून एका गल्लीच्या अंतरावर आहे. पूर्ण रस्ताभर मी बोलत होते, तिच्याशी, स्वतःशी, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याशीही. रेडिओ माझ्याबरोबर चालत होती, गाल फुगवून, पावलं जपून टाकत, एक थेंब सांडू न देता.

शाळा सुटून गेली होती. ऑफिसात मोठ्या मॅडम आणि ते पर्यवेक्षक सर उद्याच्या तासांचं काही ठरवत बसले होते. आम्हाला बघून मॅडम हसल्या.

"अरे वा, आमची पास झालेली मुलगी! काय गं, कशी आहेस?"

रेडिओ पाय जुळवून उभी राहिली.

"बोलत का नाहीस?"

"हल्ली फार गुणी झाली आहे, मॅडम," सर म्हणाले. "वर्गात हिचा आवाजसुद्धा येत नाही."

"तिच्या तोंडात पाणी आहे," मी म्हणाले.

"पाणी?"

"पाणी. शनिवारी तुझ्यासमोर बसून पेपर लिहिला, तेव्हाही होतं. तू टोपण उघडझाप करत होतीस ना, तेव्हा. शब्द बाहेर येऊ नये म्हणून मीच धरायला लावलं होतं. आता ती गिळत नाहीये. दुसरीतल्या पोरीलाही धरायला शिकवलंय तिने."

सरांनी रेडिओकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मॅडमचा हात पेनांकडे गेला आणि मधेच थांबला.

"बाई, बसा ना. आपण शांतपणे बोलू."

"मी शांतपणे बोलणार नाही! आयुष्यात कधी बोलले नाही, आता ह्या वयात शिकत नाही. आणि बसायला आलेले नाही. एवढंच काम आहे. तिला सांग."

"काय सांगू?"

"गिळ म्हणून सांग. पुढच्या परीक्षेला तिला मोडक्या खुर्च्यांची का होईना, खोली देणार आहेस, तिथे तिने हवं तेवढं बोलावं, हेही सांग. माझं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल, कारण पास तू करतेस."

मॅडमनी सरांकडे पाहिलं, मग काचेखालच्या फोटोंकडे. रेडिओ टेबलासमोर उभी होती. तिचे गाल थरथरायला लागले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंडातला घोट तिने तसाच धरून ठेवला होता, आणि ती मोठ्या मॅडमच्या तोंडाकडे बघत परवानगीची वाट पाहत होती.